तिसऱ्या पायरीची तोंडी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी राज्यातली घरगुती डायलिसिस यंत्रं थांबली. बिघाड काहीच नव्हता. ती बनवणाऱ्या कंपनीनंच आपल्या कार्यालयातून एका आदेशानं ती थांबवली. ज्यांचं रक्त त्या वेळी यंत्रातून फिरत होतं त्यांचं रक्त अंगात परत गेलं, नळ्यांचे चिमटे मिटले आणि पडद्यावर ओळ उमटली : ‘सुरक्षेच्या कारणास्तव सेवा तात्पुरती बंद. जवळच्या रुग्णालयाशी संपर्क साधा.’

हेमलता शेवाळे त्या वेळी कराडला, सोमवार पेठेतल्या आपल्या घरी, उत्तरं लिहीत बसली होती. ‘आपल्या मौल्यवान प्रकल्पातील एक गंभीर त्रुटी नम्रपणे निदर्शनास आणून देत आहे’ अशी सुरुवात असलेल्या तक्रारींना. कोड वाचणारी-लिहिणारी यंत्रं स्वस्त झाल्यापासून असल्या तक्रारी रोज डझनावारी येत. त्या यंत्रांनीच लिहिलेल्या असत, आणि ज्यांच्या नावानं येत त्यांनी त्या वाचलेल्याही नसत. त्रुटी बहुतेकदा नसेच. तरी प्रत्येक तक्रार शेवटपर्यंत वाचावी लागे, कारण एखादी खरी निघाली तर? बाईचा निम्मा दिवस यातच जाई आणि उरलेला निम्मा चिडण्यात.

या खेपेची एक खरी होती.

फोन आला तो शलाका दिघे नावाच्या बाईंचा. यंत्रांच्या कंपनीत सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं.

“मॅडम, तुमची सिक्युरिटी टीम लाइनवर घेता का?”

“घेतली.”

“कोण कोण आहेत?”

“मी. दुसरा पुण्यात नोकरीला आहे, तो सहाला सुटतो.”

मग शलाकाबाईंनी कोणाला तरी हळूच सांगितलं, “दोघंच आहेत,” आणि तेही फोनमध्ये ऐकू आलं.

दोघंच होते, ही गोष्ट खरी होती. ‘कोयंडा’ ही प्रोग्रामरांसाठी तयार कोडची लायब्ररी. निरोप कुलूपबंद करून पाठवायचा, आणि आलेला निरोप खरंच त्याच माणसाचा आहे का ते ताडून बघायचं, एवढी दोनच कामं ती करी. ती खुली होती. कोणीही घ्यावी, वापरावी, आतलं अक्षरन्‌अक्षर वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. हेमलता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती तेव्हा मुलांना दाखवायला म्हणून तिनं ती लिहायला घेतली. पुढं ती बसच्या तिकीट-यंत्रांत गेली, पाणीपुरवठ्याच्या झडपांत गेली, देशोदेशी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी डायलिसिसच्या यंत्रांत गेली, हे हेमलताला पेपरातून कळलं. वापरणारे वाढत राहिले. सांभाळणारे म्हणजे ती आणि तिचा जुना विद्यार्थी इरफान बागवान.

आता काय झालं होतं ते असं. डॉक्टर रुग्णालयात बसून घरच्या यंत्राला सूचना पाठवतो : आज या माणसाच्या अंगातून इतकं पाणी काढ. त्या सूचनेवर रुग्णालयाचा संगणक एक गणिती मोहोर उठवतो. मोहोर खरी असली तरच यंत्र ऐकतं. ती उठवायला एक लांबलचक गुप्त आकडा लागतो, आणि तो आकडा ज्याच्या हाती पडेल तो डॉक्टर बनून वाटेल ती सूचना देऊ शकतो. जास्त पाणी काढलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस खुर्चीतच जातो.

बंद दाराआड कोणी जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघत असेल तर आपल्याला किल्ल्या दिसत नाहीत, पण दार किती वेळानं उघडलं ते कळतं. असं लाखभर वेळा बाहेर बसून ऐकलं तर जुडग्याचा अंदाज बांधता येतो. हे जुनं दुखणं होतं आणि कोयंड्यात त्यावर इलाज होता : आकडा कोणताही असो, टाकायच्या पायऱ्या तेवढ्याच. पण नव्या चिप वीज वाचवतात. जड आकडे आले की त्या तापतात, आणि तापल्या की आपणहून चाल मंद करतात. पायऱ्या तेवढ्याच राहिल्या तरी चाल बदलते आणि वेळ पुन्हा बोलू लागतो. रुग्णालयाच्या संगणकाला दुरून हजारो प्रश्न विचारून, उत्तरांचे वेळ मोजून, गुप्त आकडा अर्ध्या दिवसात काढता येतो, हे परदेशातल्या एका संस्थेच्या यंत्रानं त्या खऱ्या तक्रारीत दाखवून दिलं. त्या यंत्राला कोयंड्याच्या मंडळींत ‘तपासनीस’ म्हणत.

तपासनीस नुसतं भोक दाखवून थांबत नसे. ते बुजवायचा कोडही लिहून देई, आणि वर भोक बुजल्याचा गणिती पुरावा. या खेपेचा बदल सात पायऱ्यांचा होता. त्यातल्या सहा हेमलताला तासाभरात कळल्या. तिसरी कळेना. तिथं आकडा कापसासारखा पिंजला जाई, उलटा होई, कुठून आला ते न कळणाऱ्या एका संख्येनं गुणला जाई आणि पुन्हा पिंजला जाई. का, ते पुराव्यात होतं. पुरावा दुसऱ्या कोणत्याही संगणकाला मिनिटभरात ताडता येत होता, आणि माणसाला जन्मभर बसूनही वाचून होणार नव्हता.

“मग घ्या ना तो बदल आत,” शलाकाबाई दुपारी पुन्हा फोनवर म्हणाल्या. “पुरावा आहे म्हणता.”

“तोंडी झाल्याशिवाय काही आत जात नाही.”

“म्हणजे?”

हेमलतानं हे जगभरच्या लोकांना इतक्यांदा सांगितलं होतं की तिला त्याचा कंटाळा यायचा. बदल कोणाचाही असो, तो ज्यानं लिहिला नाही अशा एका माणसानं दुसऱ्याला फोनवर समजावून सांगायचा. पडद्याकडे बघायचं नाही. ऐकणारा कुठंही थांबवून ‘का’ विचारू शकतो. दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्यानं तीच तोंडी तिसऱ्याला द्यायची. मग कोयंडा सांभाळणाऱ्या दोघांच्या सह्या. तोंडीसाठी वेगळी फोनलाइन होती. तिच्यावरचं बोलणं आपोआप ध्वनिमुद्रित होई आणि तासाभरात सगळ्यांना ऐकायला खुलं होई, नवख्यांनी शिकावं म्हणून. कोरियातली माणसंसुद्धा तिला ‘तोंडी’च म्हणत.

“मॅडम, गणितापेक्षा माणसाचं बोलणं पक्कं असतं का?”

“नसतं. पण पुरावा म्हणतो की चिप अमुक तऱ्हेनं वागत असेल, तर भोक बुजलं. ती तशी वागते हे त्यानं गृहीत धरलंय. कुठं धरलंय, ते बदल समजल्याशिवाय मला दिसायचं नाही. मी माझी दुरुस्ती लिहायला घेतलीय. हळू चालेल, पण वाचता येईल. पंधरा दिवस द्या.”

“पेशंटना दिवसाआड लागतं, मॅडम.”

“मला माहीत आहे.”

तिला माहीत होतं, कारण त्यातली एक पेशंट तिच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहत होती.

*

बुधवारी दुपारी हेमलता बागवान गल्लीत गेली. इरफानची आई, शमशादआपा, कॉटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. यंत्र शेजारीच उभं होतं, त्यांनी स्वतः शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हरात. मंगळवारची पाळी चुकली होती. रुग्णालयात शुक्रवारचा नंबर मिळाला होता, तोही दुपारनंतरचा. सगळा जिल्हा तिथंच लोटला होता.

“ये हेमा. सून चहा टाकतेय तुला. मी तुझ्या कपाकडं बघत बसते.”

“मला नको चहा, आपा.”

“असं करू नको. बघायला तरी मिळू दे. दोन दिवस बर्फाचा खडा चघळतेय.”

पायांवर सूज होती. हेमलतानं न विचारता आपांनी स्वतःच घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, बराच वेळ.

“तुझी कडी मोडली म्हणे.”

“कोयंडा.”

“तेच ते. इरफान सांगत होता, दुसरी तयार आहे, पण मॅडम बसवू देत नाहीत.”

“कळल्याशिवाय कशी बसवू?”

“मला हे मशीन कुठं कळतंय?” आपा म्हणाल्या. “तू म्हणालीस चांगलं आहे, म्हणून हात दिला त्याच्या हातात.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हेमलताला उत्तर देता आलं असतं. चहा येईपर्यंत ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी तोंडीच्या लाइनवर इरफान आला.

“मी देतो तोंडी. रजा टाकलीय आज. तपासनीसाचा बदल मी लिहिलेला नाही, तेव्हा मला चालतं.”

“कळला तुला?”

“बसलोय ना त्याच्यावर कालपासून. ऐका तर खरं.”

इरफानची तोंडी म्हणजे जुनी स्कूटर, असं हेमलता त्याला कायम चिडवायची. दोन वाक्यं नीट जात, मग ‘थांबा मॅडम, मागं जातो’ म्हणून तो बंद पडे. बारा वर्षं तिनं ते ऐकलं होतं. त्या दिवशी स्कूटर सुरेख चालली. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीला हेमलतानं थांबवलं : दोनदा का पिंजायचा? त्यानं सांगितलं. तीच संख्या का? तेही सांगितलं. चिप तापायच्या आधी मोजणी झाली तर? त्याचंही उत्तर तयार होतं, आणि उदाहरणासकट. ती विचारी आणि तो सांगे. बराच वेळ हे चाललं. अखेर तिच्याकडे प्रश्न उरले नाहीत.

“शाबास,” ती म्हणाली. “आज पेट्रोल बदललंस वाटतं.”

तो हसला नाही. “सही करताय ना मॅडम?”

एरवी सही दुसऱ्या तोंडीनंतर होई. हेमलताच्या डोळ्यांसमोर तो घोट्यावरचा खड्डा होता. तिनं सही केली, इरफाननं केली, आणि गुरुवारी सकाळी राज्यातली यंत्रं सुरू झाली. शलाकाबाईंनी फुलांच्या गुच्छाचं चित्र पाठवलं.

*

गुरुवारी दुपारी तिला पुढची तोंडी द्यायची होती, कोरियातल्या एका बाईंना. त्याआधी ती मेथी निवडता निवडता मनातल्या मनात उजळणी करत होती. पहिली पायरी, दुसरी. तिसरीला ती थांबली. मागं गेली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. काल इरफाननं दिलेलं उत्तर तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. वाक्य गुळगुळीत होतं. हातात धरायला गेलं की आत काही लागत नव्हतं. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, कागद घेतला, एक लहानसा आकडा घेऊन तिसरी पायरी हातानं करून बघितली. उत्तर बरोबर आलं. का आलं, ते कळलं नाही.

मग दुसरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तिनं फोन उचलला आणि इरफानला लावला.

“तिसरी पायरी सांग.”

“काल सांगितली की मॅडम.”

“कालची नको. तुझ्या शब्दांत सांग. दोनदा का पिंजायचा?”

त्याच्या ऑफिसातला आवाज ऐकू येत होता. मग दार लागलं आणि तो आवाज थांबला.

“काल तू एकदाही अडखळला नाहीस,” हेमलता म्हणाली. “बारा वर्षांत असं झालेलं नाही. अवघड जागा आली की तू मागं जातोस. कोणीही जातं. ज्याला कळलंय तोच तिथं अडखळतो, कारण त्याला तिथं काहीतरी दिसत असतं. काल तू तिसऱ्या पायरीवरून पहिलीसारखाच गेलास. कुठून आणलंस ते?”

“तपासनीसाकडून.”

“समजावून घेतलंस?”

“घेत होतो. नाही समजलं. मग त्यालाच म्हटलं, तोंडी तयार करून दे.” तो थांबला. “तुमच्या सगळ्या जुन्या तोंड्या खुल्या आहेत. त्या ऐकवल्या त्याला. मॅडम कुठं थांबवतील, काय विचारतील, सगळे प्रश्न त्यानं काढून दिले. तुम्ही त्याबाहेरचं एकही विचारलं नाहीत. मी पाठ केलं.”

हेमलताला राग आला तो कोणाचा, हे तिला पटकन सांगता आलं नसतं. एकही नाही, हे ती मनात पुन्हा म्हणाली.

“पडद्याकडे बघितलं नाही मी,” इरफान म्हणाला. “नियम पाळला.”

“हे बोलताना लाज नाही वाटत?”

“वाटते. पण पुरावा खरा आहे, मॅडम. तुम्हालाही माहीत आहे. बदल चुकलेला नसणार.”

“नसेल. पण तुला माहीत नाही आणि मला माहीत नाही. मग आपण दोघं इथं कशाला बसलोय? तपासनीसालाच सही करायला ठेव.”

“अम्मी आत्ता मशीनवर आहे,” तो म्हणाला. “अर्धा तास झाला सुरू होऊन. तुम्ही सही मागं घेतलीत तर सगळी मशीनं आपोआप थांबतील. घ्या. मी अडवणार नाही.”

“मला कोंडीत धरू नको, इरफान.”

“मी कुठं धरतोय? मी फक्त सांगतोय, ती मशीनवर आहे.”

ती फोन ठेवून बसली. आपांचं सत्र संपेपर्यंत थांबावं असा विचार तिनं केला. मग आपांच्या जागी दुसरं कोणी असेल. असा कोणताच तास नव्हता की राज्यात कोणीच यंत्राला जोडलेलं नाही. सही ठेवली तर न कळलेलं एक कुलूप त्या सगळ्यांच्या नसांवर. काढली तर पुन्हा ते सुजलेले पाय, आणि शुक्रवारचा नंबर दुसऱ्या कोणाला गेलेला.

शेवटी तिनं कोयंड्याच्या पानावर तेवढंच लिहिलं जेवढं तिला खात्रीनं माहीत होतं. ‘हा बदल सांभाळणाऱ्या दोघांपैकी कोणालाही समजलेला नाही. सही चुकून झाली आहे. बदल चालतो आहे. तिसरी पायरी ज्याला समजेल त्यानं तोंडी द्यावी. ऐकायला मी आहे.’ आपल्याला हे कसं कळलं, ते तिनं मुद्दाम लिहिलं नाही. ‘अडखळणं’ हा शब्द लिहायचा नाही, एवढं भान तिला होतं. ते लिहिलं की दुसऱ्या दिवशी तपासनीस अडखळायलाही शिकवेल.

शलाकाबाईंचा फोन लगेच आला.

“चुकून झाली म्हणजे काय, मॅडम? मी काय करू? यंत्रं चालू ठेवू की बंद करू?”

“मला माहीत असतं तर लिहिलं असतं.”

“तुम्ही सही मागं घेत नाही आणि ती बरोबर आहे असंही म्हणत नाही.”

“हो.”

“वकिलांना काय सांगू?”

“त्यांना तिसरी पायरी विचारा,” हेमलता म्हणाली आणि मग तिला वाईट वाटलं. त्या बाईंचा यात काही दोष नव्हता.

*

शुक्रवारी सकाळी सात जण तोंडीला आले. नांदेडचा एक प्राध्यापक होता, ब्राझीलची एक मुलगी, कुठल्या तरी बँकेतले एक गृहस्थ. हेमलतानं पहिल्या माणसाचं ऐकलं आणि तिला आशा वाटली. तिसऱ्या पायरीला तो थबकला. म्हणाला, “थांबा, जरा मागं जातो.” मग गोंधळला, मग सावरला, आणि दोनदा पिंजण्याचं कारण त्यानं असं सांगितलं की ते पहिल्यांदाच कुठंतरी टेकल्यासारखं वाटलं. तिनं ते लिहून घेतलं.

मग ब्राझीलची मुलगीही त्याच जागी थबकली. बँकेतले गृहस्थही.

चौथा माणूस “थांबा मॅडम, मागं जातो” म्हणाला तेव्हा हेमलतानं फोन मध्येच ठेवून दिला आणि कालच्या ध्वनिमुद्रणांची जागा उघडली. सगळ्यात वर तिचाच आवाज होता. ‘ज्याला कळलंय तोच तिथं अडखळतो, कारण त्याला तिथं काहीतरी दिसत असतं.’ इरफानला काल दुपारी तिनं तोंडीच्या लाइनवरून फोन केला होता. बारा वर्षं त्याला त्याच लाइनवरून करत आली होती. हात आपणहून तिकडे गेला. तासाभरात ते बोलणं जगाला खुलं झालं होतं, त्याची कबुली आणि आपांचं मशीन यांच्यासह. आत्तापर्यंत कित्येक हजारांनी ते ऐकलं होतं. माणसं किती आणि यंत्रं किती, हा हिशेब तिथं नव्हता.

तिनं इरफानला फोन केला, आपल्या साध्या फोनवरून. तो बंद होता. तासाभरानं शमशादआपांचा आला.

“काय बोललीस गं त्याला? ऑफिस सोडून रात्रीच पुण्याहून आलाय. खोलीत बसलाय, जेवत नाही.”

“मी बोलले ते सगळ्या जगानं ऐकलं, आपा. चूक माझी आहे.”

“आणि त्यानं काय केलं?”

“त्यानं मला फसवलं.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“उद्या माझी पाळी आहे,” आपा म्हणाल्या. “लावून घेऊ का नको? तू सांग. त्याचं नाही ऐकणार मी.”

हेमलताला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. “मी तिथं येऊन बसते,” ती म्हणाली. “डॉक्टरांना फोन लावून पाणी किती काढायचं तो आकडा विचारते, यंत्रावरचा आकडा डोळ्यांनी बघते. जुळला तर लावू.”

“आणि बाकीच्यांच्या घरी कोण बसणार?”

हेमलतानं हा प्रश्न आणि आकडा ताडायचा उपाय शलाकाबाईंना कळवला, आणि संध्याकाळी कंपनीनं सगळ्या पेशंटना तसा निरोप पाठवला : प्रत्येक सत्राआधी रुग्णालयाशी बोलून आकडा ताडून घ्यावा. रुग्णालयांचे फोन त्यानंतर लागेनासे झाले.

शनिवारी सकाळी हेमलता बागवान गल्लीत जाऊन बसली. डॉक्टरांना फोन पाचव्या खेपेला लागला. आकडा जुळला. इरफान बाहेर आला, त्यानं कव्हर काढलं, नळी जोडली, हेमलताकडे न बघता. तिनंही हाक मारली नाही. आपा दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

“भांडायचं तर भांडा,” त्या म्हणाल्या. “मला चार तास कुठं जाता येत नाही, ऐकायला बरी आहे मी.”

हेमलतानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि आपली स्वतःची, हळू चालणारी दुरुस्ती पुढं लिहायला घेतली. ती तेव्हा निम्म्याच्या अलीकडे होती.

शनिवारी दुपारी चार वाजेपर्यंत एकवीस जणांनी तिसऱ्या पायरीची तोंडी दिली होती. एकवीसही जण तिथं अडखळले. त्यांतल्या कोणाला खरंच कळलं असेल तर तो कोणता, हे हेमलताला सांगता आलेलं नाही. गुप्त आकडा कोणाच्या हाती लागल्याची खबर नाही, लागला नसल्याचीही नाही. तिची सही अजून जागेवर आहे. आपांचं सत्र पूर्ण झालं असून पायांची सूज थोडी उतरली आहे. यंत्रं सुरू आहेत.